संशोधन मोजू नका, वाचा

देशातील उच्चशिक्षण संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या ‘एनआयआरएफ’ने २०२५ च्या यादीसाठी प्रथमच एक नवी तरतूद केली. ज्या संस्थेतील शोधनिबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले, त्या संस्थेचे गुण कापले जाणार. या बातमीचे स्वागत झाले आणि ते स्वाभाविकही होते. बनावट आकडे, उसना मजकूर आणि विकत घेतलेली लेखकपदे यांच्या जोरावर उभे राहिलेले संशोधन किती बोकाळले आहे, हे विद्यापीठांच्या आवारात कोणाला ठाऊक नाही? तरीही स्वागताच्या गजरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. २०१६ साली पहिली क्रमवारी जाहीर झाली, तेव्हापासून शोधनिबंधांच्या संख्येला गुण देत कोण आले? हीच यंत्रणा. बी तिनेच पेरले, पाणी तिनेच घातले, आणि आता तण माजले म्हणून दंड वसूल करायलाही तीच निघाली आहे.

भारतीय संशोधनाचे मूळ दुखणे एका वाक्यात सांगता येते : या देशात संशोधन मोजले जाते, वाचले जात नाही.

हे दुखणे एका दिवसात जडलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या निवडीसाठी आणि पदोन्नतीसाठी ‘एपीआय’ ही गुणांकन पद्धत आणली. निबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, परिसंवादातील वाचनाला इतके. २०१६ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचण्याची सक्ती केली. लाखो माणसांना एकाच वेळी निबंध हवे झाले, तेव्हा बाजार उभा राहणे अटळ होते. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, अशी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. २०१८ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासगटाने आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीची छाननी केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी जी तपासली, त्यांतील सुमारे ८८ टक्के प्राथमिक निकषांवरही टिकली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाला यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. नंतर ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएच.डी.ची प्रकाशन-सक्ती आयोगाने २०२२ मध्ये काढली, पण अनेक संस्थांनी ती आपल्या पातळीवर कायम ठेवली आहे. याद्या आल्या आणि गेल्या. मोजण्याची खोड मात्र गेली नाही.

अर्थशास्त्राने या खोडीचा परिणाम फार पूर्वी सांगून ठेवला आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडले. पुढे ते त्यांच्या नावाने नियम म्हणून रूढ झाले. त्याचा आशय असा की, एखादे माप हेच ध्येय होऊन बसले की ते माप म्हणून निकामी होते. ताप मोजायला थर्मामीटर उपयोगी पडतो. पण पारा खाली दाखवणाऱ्याला बक्षीस मिळू लागले, तर लोक औषधाऐवजी बर्फ शोधू लागतात. भारतीय विद्यापीठे गेली पंधरा वर्षे बर्फ शोधत आहेत. हा प्रकार केवळ भारतापुरता नाही, हेही मान्य केले पाहिजे. २०२३ या एका वर्षात ‘हिंदावी’ या एकट्या प्रकाशनसंस्थेला आठ हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. पण जगभर साथ आहे म्हणून घरातल्या रोग्याला औषध द्यायचे नाही, असे कोणी म्हणत नाही.

मोजणीने नेमके काय नजरेआड होते, हे चार क्षेत्रांत पाहता येते.

पहिले भौतिकशास्त्र. २२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातील एका गटाने ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ सामान्य तापमानाला आणि सामान्य दाबाला अतिसंवाहक होतो, असा दावा केला. दावा खरा ठरता, तर वीजवहनापासून एमआरआय यंत्रापर्यंत सारे काही बदलले असते. जगभर खळबळ उडाली. काही दिवसांतच नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी तो पदार्थ स्वतः तयार केला, तपासला आणि त्यात अतिसंवाहकता आढळत नसल्याचे जाहीर केले. हा पदार्थ तपासणाऱ्या जगातील पहिल्या काही प्रयोगशाळांमध्ये तिची गणना होते. विज्ञान पुढे जाते ते अशाच कामामुळे : कोणीतरी दावा करतो आणि दुसरा कोणीतरी तो प्रामाणिकपणे पडताळून पाहतो. आता हेच काम एखाद्या राज्य विद्यापीठातील तरुण साहाय्यक प्राध्यापकाने करायचे ठरवले, तर त्याच्या पदरात काय पडेल? दुसऱ्याचा दावा तपासून ‘आढळले नाही’ असे सांगणारा निबंध छापायला प्रतिष्ठित नियतकालिके सहसा राजी नसतात आणि गुणांच्या तक्त्यात पडताळणीसाठी वेगळा रकाना नाही. त्याने तेवढ्याच वेळात एखाद्या नॅनो-संयुगाचे चार फुटकळ निबंध लिहिले, तर मात्र त्याची बढती पक्की.

दुसरे अभियांत्रिकी. येथे निबंधांच्या जोडीला पेटंटचा खेळ आहे. ‘एनआयआरएफ’च्या अभियांत्रिकी गटात १०० पैकी ३० गुणांचा भार संशोधनावर आहे आणि त्यात पेटंटचाही वाटा आहे. मेख अशी की, मंजूर झालेल्या पेटंटबरोबर नुसते ‘प्रकाशित’ झालेले पेटंटही जमेस धरले जाते. पेटंटचा अर्ज प्रकाशित होणे म्हणजे काय? अर्ज दाखल केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो. लवकर हवा असेल, तर शुल्क भरून लवकरही होतो. शोध नवा आहे की नाही, उपयोगी आहे की नाही, याची परीक्षा तोवर झालेलीच नसते. सप्टेंबर २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. हेतू उत्तम होता. पण स्वस्त अर्ज, परीक्षेविना प्रकाशन आणि प्रकाशनाला गुण, ही साखळी जुळली की काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. संगणक-शाखेच्या प्रकल्पवहीतले विषय पेटंटच्या अर्जांत उतरू लागले. त्यांतील किती शोध कारखान्यात पोचले, हा प्रश्न क्रमवारी विचारत नाही.

याच देशातील अभियांत्रिकीचे दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ, खोडदला उभे आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. इतक्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वजन, वाऱ्याचा दाब आणि खर्च तिन्ही हाताबाहेर गेले असते. म्हणून पोलादी तारांच्या दोरखंडांवर बारीक जाळी ताणून तबकडीला आकार देण्याची युक्ती काढली गेली. ही कल्पना, तिची आखणी, तिच्या चाचण्या आणि तिची उभारणी यांत वर्षांमागून वर्षे गेली. त्या काळात आजचा गुणतक्ता असता, तर त्या अभियंत्यांचा वार्षिक अहवाल केविलवाणा दिसला असता. जून २०२३ मध्ये विश्वात भरून राहिलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याची वार्ता जगातील अनेक गटांनी एकाच वेळी दिली, तेव्हा भारतीय गटाने आपल्या वाट्याची निरीक्षणे याच दुर्बिणीतून घेतलेली होती. पेरणी आणि कापणी यांत अनेक दशकांचे अंतर असलेले हे पीक वार्षिक गुणांकनात कोणत्या रकान्यात भरायचे?

तिसरे वैद्यक, आणि येथे प्रश्न थेट जिवाशी येऊन भिडतो. १९६८ साली तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात बीसीजी लशीची एक प्रचंड चाचणी सुरू झाली. साडेतीन लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. गावोगाव फिरून, थुंकीचे नमुने आणि छातीची क्ष-किरण छायाचित्रे घेत १५ वर्षे पाठपुरावा झाला. निष्कर्ष निराशाजनक होता : प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नाही. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल प्रसिद्ध व्हायला १९९९ साल उजाडले. लहान मुलांना होणाऱ्या क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून ती लस वाचवते, म्हणून नवजात बाळांना ती आजही दिली जाते आणि दिलीच पाहिजे. पण प्रौढांसाठी वेगळी लस शोधावी लागेल, हे जगाला इतक्या ठामपणे कळले ते या चाचणीमुळे. तीन दशके, लाखो माणसे आणि उत्तर ‘नाही’. मोजणीच्या हिशेबात हा तोट्याचा व्यवहार. विज्ञानाच्या हिशेबात मात्र हे भारताने जगाला दिलेले एक मोलाचे उत्तर आहे.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील प्रकाशनांच्या एका प्रसिद्ध पाहणीत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध आढळला नाही. ही स्थिती लाजिरवाणी आहे, यात वाद नाही. पण तिच्यावरचा उपाय काय शोधला गेला? पदोन्नतीसाठी निबंधांची अट. प्रयोगशाळा नाही, संख्याशास्त्रज्ञ नाही, रुग्णांच्या नोंदी धड ठेवलेल्या नाहीत, बाह्यरुग्ण विभागात मान वर करायला सवड नाही. आणि अशा डॉक्टरला सांगायचे की, ठरल्या मुदतीत निबंध आण, नाहीतर बढती विसर. तो निबंध आणतोच. कोठून आणतो, हे विचारायचे नसते. त्या निबंधातील आकडे पुढे एखाद्या एकत्रित विश्लेषणात शिरतात, तेथून उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांपर्यंत झिरपू शकतात आणि शेवटी कोणत्या तरी वॉर्डातील कोणत्या तरी रुग्णाला चुकीची मात्रा मिळू शकते. भौतिकशास्त्रातील पोकळ निबंध धूळ खात पडतो. वैद्यकातील पोकळ निबंध माणूस मारू शकतो.

चौथे अर्थशास्त्र. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळाव्यात, एवढे साधे मोजमाप धरून त्यांनी देशातील गरिबीचे चित्र मांडले. त्यावर रणे माजली, उणिवा काढल्या गेल्या, आणि त्या वादातूनच दारिद्र्याचा अभ्यास प्रगल्भ झाला. तो अभ्यास शक्य झाला, कारण राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे उपलब्ध होते. १९५० साली सुरू झालेली ही पाहणी प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या दूरदृष्टीचे फळ; तिचे जगभर नाव होते. आज काय स्थिती आहे? २०१७-१८ च्या उपभोग खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने गुणवत्तेचे कारण देऊन जाहीरच केले नाहीत. २०११-१२ नंतरची पुढची पाहणी थेट २०२२-२३ ची. २०२१ मध्ये व्हायची जनगणना लांबली आणि तिची संदर्भतिथी आता १ मार्च २०२७ आहे. म्हणजे भारतीय अर्थशास्त्रज्ञाने निबंध किती लिहिले हे शासन दरवर्षी मोजते. मात्र ज्या माणसांविषयी ते निबंध लिहायचे, ती माणसे मोजायला शासनाला सवड होत नाही. याहून कडवट विनोद कोणी रचू शकेल काय?

या साऱ्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोरकट नाही. आकडे नसले तर वशिला माजेल, असे म्हटले जाते. निवडसमित्यांत जात, गट, गुरुकुल आणि राजकारण चालते. अशा ठिकाणी आकडा निदान निःपक्ष असतो, कोणत्याही घराण्यात न जन्मलेल्या उमेदवाराच्या हाती तेवढेच एक हत्यार असते. हा युक्तिवाद ज्यांच्या तोंडून येतो, त्यांनी वशिल्याचे चटके सोसलेले असतात, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. पण गेल्या पंधरा वर्षांचा अनुभव काय सांगतो? आकडा विकत मिळतो. ज्याच्यापाशी पैसा आहे, ज्याच्या हाताखाली राबणारे विद्यार्थी आहेत, ज्याचे नाव प्रमुख म्हणून प्रत्येक निबंधावर लागते, त्याचा आकडा फुगतो. खेड्यातून आलेला, एकट्याने काम करणारा उमेदवार या शर्यतीतही मागेच राहतो. वशिला गेलेला नाही. त्याला आता आकड्यांचा सदरा मिळाला आहे.

मागे घेतलेल्या निबंधांची नुसती गणती करून गुण कापणे हेही त्याच आजाराचे नवे लक्षण ठरू शकते. निबंध मागे घेणे हे प्रत्येक वेळी पाप नसते. रसायनशास्त्राच्या २०१८ च्या नोबेल मानकरी फ्रान्सिस आर्नल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये आपल्या गटाचा एक निबंध स्वतःहून मागे घेतला, कारण त्यातील निष्कर्ष पुन्हा मिळत नव्हते. आणि त्याबद्दल जाहीर दिलगिरीही व्यक्त केली. विज्ञानाची प्रतिष्ठा त्या दिवशी वाढली. भारतातील एखाद्या प्राध्यापिकेने असेच करायचे ठरवले, तर तिच्या संस्थेचे गुण कापले जाणार असतील, तर कुलगुरू तिची पाठ थोपटतील की तिला गप्प बसायला सांगतील? प्रामाणिक चूक आणि लबाडी यांना एकाच दांडक्याने झोडपले, की लबाडी हुशार होते आणि प्रामाणिकपणा मुका होतो.

हा वाद आजच का घालायचा, याचे कारण पैशांत आहे. संशोधन आणि विकासावर भारत सकल उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. चीन २ टक्क्यांहून आणि दक्षिण कोरिया ४ टक्क्यांहून अधिक. हा आकडा वाढवण्यासाठी हालचाली सुरू आहेत. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून सुमारे १३,००० नियतकालिके देशातील सरकारी संस्थांना खुली करण्यात आली. ही पावले चांगली आहेत. पण जो देश नियतकालिके वाचता यावीत म्हणून ६,००० कोटी रुपये देतो, त्याच देशातील निवडसमिती समोर बसलेल्या उमेदवाराचा एक निबंध वाचत नाही, ही विसंगती कोणाच्याच डोळ्यांत खुपू नये? माप चुकीचे असताना पैसा वाढवला, तर तो पैसा त्या मापात बसणाऱ्यांकडेच जाणार.

आणि या व्यवस्थेच्या तळाशी कोण आहे, हेही विसरता कामा नये. तळाशी आहे पंचविशीतला संशोधक विद्यार्थी. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये आहे. पण ती वेळेवर जमा होईलच, याची हमी नाही. केंद्रीय विद्यापीठांतील ‘नेट’विना फेलोशिप तर कित्येक वर्षे दरमहा ८,००० रुपयांवरच अडकलेली आहे. महागाई वाढली, खोलीभाडे वाढले, रसायनांचे दर वाढले. वाढली नाही ती एवढीच रक्कम. या मुलांकडून व्यवस्था निबंधांची संख्या मागते. नियतकालिकाला भरायचे पैसेही पुष्कळदा त्यांच्याच खिशातून जातात. संशोधन म्हणजे सत्याचा शोध, हे जिथे शिकायचे, तिथे ही मुले पहिला धडा घेतात तो तडजोडीचा. पुढची तीस वर्षे हीच पिढी शिकवणार आहे.

मार्ग अज्ञात नाही. निबंधांसाठी रोख बक्षिसे वाटण्यात एके काळी आघाडीवर असलेल्या चीनने २०२० मध्ये ती रीत मोडायला घेतली आणि संख्येऐवजी मोजकी प्रातिनिधिक कामे तपासण्याचे धोरण जाहीर केले. भारतालाही पुढील गोष्टी उद्यापासून करता येतील :

१. निवड आणि पदोन्नती यांसाठी उमेदवाराने आपली पाचच कामे निवडून द्यावीत. बाहेरच्या तज्ज्ञांनी ती वाचून आपल्या सहीनिशी अभिप्राय लिहावा आणि निवडीनंतर तो सर्वांना पाहता यावा. वशिल्यावर उजेडासारखे औषध नाही.

२. नुसत्या प्रकाशित पेटंटचे गुण बंद व्हावेत. मंजूर झालेले आणि कोणीतरी वापरात आणलेले पेटंट तेवढे जमेस धरावे.

३. पडताळणी, नकारात्मक निष्कर्ष, खुल्या केलेल्या विदा आणि उभारलेली उपकरणे यांना नव्या शोधाइतकेच मूल्य असावे.

४. स्वतःहून चूक कबूल करून निबंध मागे घेणाऱ्याला दंड नसावा. लबाडी सिद्ध झाल्यास मात्र विद्यार्थ्याला पुढे करून मार्गदर्शकाने निसटू नये.

५. फेलोशिप पगाराप्रमाणे महिन्याच्या ठरल्या तारखेला जमा व्हावी आणि महागाईशी जोडली जावी.

६. शासनाने गोळा केलेली आकडेवारी, ती सोयीची असो वा गैरसोयीची, संशोधकांना वेळेत मिळावी.

यांतील एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. लागतो तो वेळ आणि वाचण्याची तयारी. चेंगलपट्टूच्या गावांत पंधरा वर्षे दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेवकांनी तो वेळ दिला होता. खोडदच्या माळावर दोरखंड ताणणाऱ्या अभियंत्यांनीही दिला होता. एवढ्या कष्टांतून आलेला कागद जेव्हा निवडसमितीच्या टेबलावर येतो, तेव्हा त्याच्यावर अनुक्रमांक टाकून तो बाजूला सारू नये. कोणीतरी तो उघडावा आणि शेवटपर्यंत वाचावा.